मिथ्या ज्ञान की मिथ्या अज्ञान? अद्वैतातल्या एका समासाची पार्श्वभूमी

अज्ञान हे भावरूप आहे, म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव नव्हे; ते त्रिगुणात्मक आहे, ते सत्‌ही नाही आणि असत्‌ही नाही. त्याच्या आवरण (खरे झाकणे) आणि विक्षेप (भलतेच भासवणे) अशा दोन शक्ती आहेत. वेदान्ताची तोंडओळख होते ती बहुधा याच व्याख्येपासून. 'वेदान्तसारा'त ती थेट याच शब्दांत येते. पण हा ग्रंथ साधारण १५ व्या शतकातला आणि शांकरभाष्य ८ व्या शतकातले. मधल्या सात शतकांत अविद्येचे, म्हणजे याच अज्ञानाचे, जे झाले, ते लक्षात न घेता ही सगळी परिभाषा आपण शंकराचार्यांच्या नावावर मांडतो. अद्वैतावर महाराष्ट्रात एवढे वाचले-लिहिले जाते, तरी या एका मुद्द्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून हे टिपण.

'अविद्या' आणि 'माया' हे दोन्ही शब्द शंकराचार्यांच्या फार आधीचे. इंद्र मायांनी अनेक रूपे घेतो, असे ऋग्वेद म्हणतो. अविद्येत राहूनही स्वतःला पंडित समजणाऱ्यांचे वर्णन कठोपनिषदात आहे. 'मायां तु प्रकृतिं विद्यात्' हे श्वेताश्वतराचे. यातल्या कुठल्याच ठिकाणी पुढच्या काळातला काटेकोर सिद्धान्त सापडत नाही आणि तो शोधूही नये.

खरा पेच सुरू होतो तो शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत, म्हणजे अध्यासभाष्यात (अध्यास म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप). 'मी हा', 'हे माझे' असा जो लोकव्यवहार चालतो, तो नैसर्गिक आहे आणि 'मिथ्याज्ञाननिमित्त' आहे, असे तिथे म्हटले आहे. या पदाची फोड दोन प्रकारे होते. मिथ्या अधिक ज्ञान घेतले तर चुकीचे ज्ञान: शिंपला पाहून चांदी वाटणे. मिथ्या अधिक अज्ञान घेतले, तरी संधी होऊन रूप तेच राहते, पण अर्थ पार बदलतो. मग चुकीच्या समजुतीच्या मागे आणखी एक वस्तू उभी राहते, मिथ्या असलेले अज्ञान, आणि ते सगळ्या भ्रमाचे उपादान, म्हणजे ज्यातून भ्रम घडतो ते मूळ द्रव्य, ठरते.

पंचपादिकाकारांनी, म्हणजे भाष्यावर 'पंचपादिका' ही टीका लिहिणाऱ्या पद्मपादांनी, दुसरी फोड घेतली. परंपरा त्यांना आचार्यांचे साक्षात शिष्य मानते, त्यामुळे तिला मोठे वजन आले. त्यांच्या मते 'मिथ्या' म्हणजे अनिर्वचनीय (सत् की असत् हे सांगता न येणारे) आणि 'अज्ञान' म्हणजे जडात्मिका अविद्याशक्ती. 'शक्ती' आणि 'जड' हे दोन शब्द इथे आले आणि गोष्ट बदलली. समजुतीतली चूक दुरुस्त करता येते. जड शक्ती मात्र कुठेतरी राहावी लागते, तिला आश्रय लागतो, विषय (ज्याला ती झाकते ते) लागतो, आणि मग ती नष्ट कशी होते हेही सांगावे लागते.

भाष्यातच दुसरीकडे पाहिले, तर पहिली फोड सरळ वाटते. प्रस्तुत पदाच्या पुढे काही ओळींवरच, अशा लक्षणाच्या अध्यासालाच पंडित अविद्या म्हणतात, असे स्पष्ट विधान आहे. चौथ्या सूत्राच्या भाष्यात तर न्यायसूत्रातले 'मिथ्याज्ञान' उद्धृत करून, ब्रह्मात्मैक्याच्या ज्ञानाने ते दूर होते, असे म्हटले आहे. तिथे नैयायिकांचा शब्द आहे, त्यात 'अज्ञान' कुणालाही घुसवता येत नाही. एकाच ग्रंथात एकच शब्द प्रस्तावनेत एका अर्थाने आणि चौथ्या सूत्रात दुसऱ्या अर्थाने आला, हे मानायला सबळ कारण हवे.

ते कारण दुसरा पक्ष देतो, आणि ते हलके नाही. गाढ झोपेत चुकीची समजूत नसते, चूक व्हायला मनच नसते. मग रोजची झोप म्हणजे मोक्षच का नाही? माणूस पुन्हा तोच 'मी' घेऊन कसा उठतो? 'सुखाने झोपलो, काही कळले नाही' या उठल्यानंतरच्या आठवणीवर विवरणकारांनी ('विवरण' ही पंचपादिकेवरची टीका) भावरूप अज्ञान उभे केले. शिवाय पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात स्वतः भाष्यकार अविद्यात्मक बीजशक्तीचा उल्लेख करतात आणि ती परमेश्वराच्या आश्रयाने असते असे म्हणतात. हे वाक्य पहिल्या पक्षाला आजही अडचणीचे आहे.

आश्रयाच्या प्रश्नावरून पुढे दोन प्रस्थाने, म्हणजे संप्रदाय, झाली. भामतीकारांनी ('भामती' ही भाष्यावरची वाचस्पती मिश्रांची टीका) अविद्या जीवाच्या ठिकाणी ठेवली. पण जीव तर अविद्येमुळेच जीव झाला, मग अन्योन्याश्रय, म्हणजे दोघे एकमेकांवर अवलंबून राहण्याचा दोष, आला. तो अनादित्वाने सोडवावा लागला. विवरण प्रस्थानाने आश्रय आणि विषय दोन्ही ब्रह्मच मानले. मग शुद्ध चैतन्याला अज्ञान कसे, हा प्रश्न उरला. विशिष्टाद्वैती रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात अविद्येवर सात अनुपपत्ती, म्हणजे न जुळणाऱ्या गोष्टी, दाखवल्या. त्यांतली पहिलीच आश्रयाची, हा योगायोग नव्हे. गीतेच्या तेराव्या अध्यायाच्या भाष्यात मात्र 'अविद्या कोणाची?' या प्रश्नाला शंकराचार्यांनी 'ज्याला ती दिसते त्याची' एवढेच उत्तर दिले आणि पुढचा प्रश्न निरर्थक ठरवला. शिष्यपरंपरेने शतकानुशतके ज्याची उत्तरे दिली, तो प्रश्न मूळ आचार्यांनी असा बाजूला ठेवला होता.

मराठीत हा विषय आला तो वेगळ्याच तडफेने. 'अमृतानुभवा'चे सातवे प्रकरण, अज्ञानखंडन, त्या ग्रंथातले सर्वांत मोठे. अज्ञान ज्याच्या ठिकाणी आहे म्हणता, त्याला जर ते नेणता करीत नसेल तर त्याला अज्ञान म्हणायचे कशाला, असा तिथला रोख आहे. आणि पुढच्याच प्रकरणात ज्ञानाचेही खंडन! काश्मीरच्या शैव परंपरेतली शिवसूत्रे त्या ग्रंथात नावाने येतात. त्यामुळे विसाव्या शतकात महाराष्ट्रात ज्ञानेश्वर मायावादी (जग मिथ्या मानणारे) की चिद्विलासवादी (जग चैतन्याचाच विलास मानणारे) असा मोठा वाद झाला. 'ज्ञानेश्वरी'च्या सातव्या अध्यायातली मायानदी पहिल्या पक्षाने पुढे केली, 'अमृतानुभव' दुसऱ्याने. ज्ञानेश्वरांनी खोडलेले अज्ञान हे भावरूप अज्ञान आहे, अध्यास नव्हे, हे त्या वादात फारसे कुणी वेगळे काढले नाही. ते काढले असते, तर दोन्ही पक्षांमधले अंतर बरेच कमी झाले असते असे मला वाटते.

समासाचा प्रश्न नव्याने उघडला तो १९२९ मध्ये. कर्नाटकातल्या एका वेदान्ताभ्यासकाने, जे पुढे संन्यासी झाले, मूलाविद्येच्या, म्हणजे सगळ्या भ्रमाच्या मुळाशी असलेल्या भावरूप अज्ञानाच्या, कल्पनेचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. मूलाविद्या ही टीकाकारांची भर आहे, भाष्यकारांची नव्हे, हे त्यांचे म्हणणे. पारंपरिक पंडितांनी कडाडून विरोध केला आणि उत्तरादाखल ग्रंथ लिहिले. १९५० मध्ये एका जर्मन संस्कृतज्ञाने शब्दांच्या वापराची बारकाईने छाननी केली. सूत्रभाष्यात 'अनिर्वचनीय' हे विशेषण अविद्येला नव्हे, अव्याकृत (अजून व्यक्त न झालेल्या) नामरूपाला लागते, असे त्यातून पुढे आले. हीच कसोटी मग शंकराचार्यांच्या नावावरचे कुठले प्रकरणग्रंथ खरोखर त्यांचे, हे ठरवायला वापरली जाऊ लागली. 'विवेकचूडामणी'च्या कर्तृत्वावरची शंका त्यातून बळावली, कारण तिथे अविद्येला त्रिगुणात्मिका परा शक्ती म्हटले आहे.

पाठशाळांत आजही पंचपादिकेची फोडच शिकवली जाते.