नंबर काढायचे पैसे

चष्म्याच्या दुकानावर ‘डोळ्यांची तपासणी मोफत’ ही पाटी नाही, असा बाजार आपल्याकडे शोधावाच लागेल. आत गेलं की जड ट्रायल फ्रेम नाकावर बसते, एक डोळा झाकला जातो आणि ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ हा प्रश्न दहादा विचारत काचा खटाखट बदलल्या जातात. वीस मिनिटांत नंबर हातात. पैसे फक्त चष्म्याचे.

मुळात चष्मा आला तेव्हा तपासणी नव्हतीच. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तो तयार होऊ लागला आणि पुढची काही शतकं गिऱ्हाईक फेरीवाल्याच्या पेटीतले चष्मे एकेक लावून पाही. अक्षर सुधरलं की सौदा झाला. काच बऱ्याचदा वयावरूनच दिली जाई. आपला ‘चाळिशी’ हा शब्दही त्याच हिशेबाचा वाटतो. भारतात चष्मा कधीपासून आहे याचा माग पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी काढला होता. विजयनगरचे धर्मगुरू व्यासतीर्थ चष्मा लावून पोथी वाचत, असा उल्लेख त्यांच्या संस्कृत चरित्रात आहे. म्हणजे सोळाव्या शतकात तो इथे पोहोचला होता. नंबर काढणारा मात्र पोहोचायचा होता.

तो घडला एकोणिसाव्या शतकात. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत डोकावण्याचं उपकरण केलं. १८६२ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टर स्नेलेननं अक्षरांचा तक्ता आणला. ‘सिक्स बाय सिक्स’ तिथूनच आलं. दहा वर्षांनी फ्रेंच नेत्रतज्ज्ञ मोनोयेनं डायॉप्टर हे एकक सुचवलं. आपण ज्याला नुसतं ‘नंबर’ म्हणतो ते हेच: दोन नंबरची बहिर्गोल काच दूरवरून आलेला प्रकाश अर्ध्या मीटरवर एकत्र आणते. १८७३ मध्ये क्विन्ये या फ्रेंच डॉक्टरनं डोळ्याच्या बाहुलीत प्रकाश फिरवून सावली कुठे सरकते ते पाहायची युक्ती दाखवली. तिच्यातून पुढे रेटिनोस्कोपी उभी राहिली आणि बोलता न येणाऱ्या बाळाचाही नंबर काढता येऊ लागला. माझ्या मते या धंद्यातलं खरं कसब आजही तेच. ऑटोरिफ्रॅक्टर या नंबर काढणाऱ्या यंत्रात लांब रस्त्याच्या टोकाला फुगा दाखवून मिळणारा आकडा ही फक्त सुरुवात असते.

कसब आलं तशी मोबदल्याची भांडणंही आली. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कचे चष्मेवाले चार्ल्स प्रेंटिस यांनी एका गिऱ्हाइकाला डॉ. हेन्री नॉयस या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं आणि स्वतः केलेल्या तपासणीचे तीन डॉलर घेतले. डॉक्टरांनी पेशंट पाठवल्याबद्दल आभार मानले, पण फी घेण्याला हरकत घेतली: काचा विकणाऱ्यानं काचांचे पैसे घ्यावेत, सल्ल्याचे नव्हेत. तो वाद पेटत गेला. १९०१ मध्ये मिनेसोटानं ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे डोळे तपासून नंबर काढण्याच्या व्यवसायाचा, पहिला कायदा केला आणि १९२४ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

आपल्याकडे शिक्षण आधी आलं, कायदा फार उशिरा. १९५८ मध्ये अलिगढ आणि हैदराबादला ऑप्टोमेट्रीच्या शाळा निघाल्या, १९८५ मध्ये चेन्नईत चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. मधे १९७६ चा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यांत डोळे तपासणारा प्रशिक्षित माणूस दिसू लागला. ऑप्टोमेट्रीला कायद्याच्या चौकटीत आणणारा केंद्राचा कायदा मात्र थेट २०२१ चा. तोवर दुकानात मालकाच्या हाताखाली शिकलेला मुलगा आणि पदवी घेतलेली मुलगी, दोघं एकाच पांढऱ्या कोटात.

आता स्वतंत्र क्लिनिकं निघताहेत. नंबराखेरीज डोळ्यावर हवेचा फुर्रकन झोत सोडून दाब मोजणं, काचबिंदूची शंका आली की डॉक्टरांकडे धाडणं, मधुमेह असलेल्यांच्या पडद्याचे फोटो, मुलांचा आळशी डोळा, कॉन्टॅक्ट लेन्स, असं बरंच काही तिथे होतं. काउंटरवर तपासणी शुल्काची छोटी पाटीही असते. ती वाचून गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, “चष्मा इथेच केला तर हे वजा होतील ना?”