दिसतं ते टेक्स्ट, पण एडिट होत नाही

अडोबी इलस्ट्रेटर या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधे जुनीपुराणी फाईल उघडली की एक मेसेज येतो, यातला मजकूर आधीच्या व्हर्जनमधला आहे, अपडेट केल्याशिवाय एडिट करता येणार नाही. घाईत आपण ओके मारतो आणि कामाला लागतो. आता ती अक्षरं दिसतात, हलवता येतात, प्रिंटही होतात, फक्त त्यात कर्सर टाकून काही बदलता येत नाही.

याचं मूळ 2003 मधे आहे. त्या वर्षी इलस्ट्रेटर सीएस आलं आणि अडोबीने आतलं टेक्स्ट इंजिनच बदललं, म्हणजे ओळ कुठे तोडायची, दोन अक्षरांत किती जागा सोडायची हे ठरवणारा सगळा हिशोबच नवा. त्यामुळे व्हर्जन 10 आणि त्याआधीचा मजकूर नव्या इंजिनच्या दृष्टीने 'लेगसी टेक्स्ट' झाला.

आता डोळ्यांनी बघून हे ओळखणं अवघड, कारण स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं. सिलेक्ट केल्यावर चौकटीवर फुली दिसते, पण दोनशे ऑब्जेक्टच्या फाईलमधे, त्यात निम्मे लेयर लॉक नाहीतर हाइड, कोण एकेकावर क्लिक करत बसणार?

इथे प्लगइन, म्हणजे इलस्ट्रेटरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, कामाला येतं, आणि गंमत म्हणजे ते अक्षरांकडे बघतच नाही. फाईलमधल्या प्रत्येक ऑब्जेक्टला प्रकार असतो, पाथ (रेषा), ग्रुप, रास्टर (फोटोसारखं चित्र), टेक्स्ट फ्रेम (मजकुराची चौकट), तसा लेगसी टेक्स्ट हाही एक वेगळा प्रकार. प्लगइन लेयरमधून ग्रुपमधे, ग्रुपमधून आतल्या ग्रुपमधे असं उतरत जातं आणि प्रत्येकाला एवढंच विचारतं की तुझा प्रकार काय. साध्या स्क्रिप्टला, म्हणजे इलस्ट्रेटरला द्यायच्या लेखी सूचनांना, तर तेवढंही करावं लागत नाही, डॉक्युमेंटकडे अशा ऑब्जेक्टची वेगळी यादी तयारच असते, ती रिकामी आहे का बघायचं.

यादी वेगळी असल्याचा तोटाही आहे. समजा जुन्या लेबलवर पुण्याचा जुना एसटीडी कोड 0212 आहे आणि तुम्ही स्क्रिप्ट लावून सगळीकडे 020 केलं. स्क्रिप्ट टेक्स्ट फ्रेमची यादी चाळते, लेगसी तुकडे त्यात नसतातच, त्यामुळे एररही येत नाही आणि 0212 तसाच छापून येतो!

मग सगळंच एकदम नव्या इंजिनच्या मजकुरात कन्व्हर्ट का करू नये? कारण नवा हिशोब लागला की अक्षरांमधली जागा बदलते, एखादा शब्द खालच्या ओळीत जातो, कधी शेवटची ओळ चौकटीबाहेर जाऊन गायब होते. म्हणून प्लगइनने आधी फक्त यादी द्यावी असं माझं मत, आणि कन्व्हर्ट करताना जुन्या मजकुराची कॉपी मागे ठेवायची सोय इलस्ट्रेटरमधेच आहे ती वापरावी, म्हणजे काय सरकलं ते लगेच कळतं.

आपल्या मराठी फाईलींत अजून एक भानगड असते. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्ट झाला तरी आत रोमन अक्षरांचेच कोड राहतात, फॉन्ट काढला की नुसता कचरा दिसतो. वरची तपासणी हे पकडत नाही, त्यासाठी प्लगइनला प्रत्येक फ्रेममधल्या फॉन्टचं नावही बघावं लागतं.