भुताटकीचे विज्ञानप्रयोग

भुताटकीचे विज्ञानप्रयोग : पहिली ते चौथीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी करायचे सोपे प्रयोग. यांत रक्ताचे ठसे, उठून उभे राहणारे भूत, किंचाळी असे काहीतरी अंगावर काटा आणणारे घडते आणि मग ते कशामुळे घडले याचा छडा मुलेच लावतात. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन या भुताखेतांच्या सणाच्या सुमारास असे प्रयोग वर्गावर्गांत होतात. महाराष्ट्रात याच जातीचे प्रयोग शाळेत आले ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या वाटेने. साहित्य बरेचसे सारखेच, पण तिकडे भूत सजावटीपुरते असते आणि इकडे त्याच भुताची भीती घालवायची असते.

बुवांचे चमत्कार लोकांसमोर करून दाखवायचे आणि तिथल्या तिथे उलगडायचे, ही पद्धत श्रीलंकेत स्थायिक झालेले अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) आणि केरळचे बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनी रुळवली. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ती गावोगावच्या शाळांत नेली. करणीच्या नारळातून निघणारे केस आणि कुंकू, ‘तूप’ ओतताच मंत्राने पेटणारा होम हे त्यांतले गाजलेले प्रयोग. होमातले तूप म्हणजे ग्लिसरिन. खाली पोटॅशियम परमँगनेट ठेवलेले असते आणि दोहोंच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या उष्णतेने जाळ होतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरात राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. चमत्कार दाखवून लोकांना फसवणे वा दहशत बसवणे हा त्याने गुन्हा ठरतो.

होमाचा प्रयोग लहानांनी लांबूनच पाहावा. त्यांच्या हाती देण्याजोगा खरा प्रयोग हळदीचा. हळद पाण्यात दाट कालवून ती कोऱ्या कागदावर फासायची आणि कागद वाळवायचा. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेला पंजा त्यावर दाबला, की रक्ताळलेला हात उमटतो. हळदीतला कर्क्युमिन हा रंगघटक आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा राहतो, अल्कलीत, म्हणजे साबण-सोड्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थांत, लालसर तपकिरी होतो. तो १८१५ मध्ये व्होगेल आणि पेलेटिए यांनी प्रथम वेगळा केला. खाण्याच्या सोड्याने रंग फिका येतो, कपड्यांच्या साबणाने ठळक. आजीच्या पानाच्या डब्यातला चुना सर्वांत जोरदार, पण तो डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा करतो, म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. ठशावर लिंबू पिळले की रक्त नाहीसे होते. पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे कोडेही मुलांना इथेच सुटते.

एखादे चौकस मूल यावर अडवते. घरगुती कुंकूही हळदीचेच. त्यात टाकणखाराबरोबर (बोरॅक्स) लिंबाचा रस घालतात, तरी ते लाल कसे? याचे उत्तर वेगळे आहे. टाकणखारातला बोरॉन आम्लाच्या सोबतीने कर्क्युमिनशी बांधला जातो आणि तयार होणारे संयुग लाल असते. इथे लिंबू रंग घालवत नाही, आणते. चौथीच्या मुलाला ‘बोरॉन’ हा शब्द सांगितला नाही तरी चालेल, पण प्रश्न बाजूला सारू नये.

लिंबातून रक्त काढणे हा मांत्रिकांचा आवडता खेळ. सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या लाल पाकळ्या चोळून वाळू द्यायच्या. पाते साधेच दिसते. लिंबू चिरताच रस लाल होतो, कारण पाकळ्यांतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल पडते. त्याच पाकळ्या साबणाच्या पाण्यात टाकल्या तर हिरवट रंग येतो. सुरी अर्थातच शिक्षकांनी चालवायची, पाकळ्या चोळण्याचे काम मुलांना द्यावे. आधी चमत्कार दाखवून मग कारण सांगण्यापेक्षा तयारीच मुलांकडून करून घेणे अधिक परिणामकारक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. घरी भानामतीच्या गोष्टी ऐकून आलेले सहा वर्षांचे मूल नुसता चमत्कार पाहून घाबरते आणि पुढचे स्पष्टीकरण त्याच्या कानांवरून जाते. पाकळ्या चोळणारे मूल सुरुवातीपासूनच कटात सामील असते.

बाकीचे प्रयोग झटपट होणारे आहेत. बाटलीत व्हिनेगर आणि तिच्या तोंडावर सोडा भरलेला रबरी हातमोजा चढवला, की कार्बन डायऑक्साइडने मोजा फुगून बोटे वर येतात. फुग्यात बोल्टला लावायचा षटकोनी नट टाकून फुगा गरगर फिरवला, तर नटाचे कोपरे आतल्या रबरावर आपटत जातात आणि फुगा किंचाळतो. नटाऐवजी गुळगुळीत गोटी टाकली तर ती किंचाळी येत नाही. शुष्क बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, धूर हॅलोविनला लोकप्रिय असला, तरी −७८.५ अंश सेल्सिअसचा तो बर्फ उघड्या हाताने धरला तर कातडी जळते. भस्माच्या चमत्कारात वापरले जाणारे पाऱ्याचे क्षार विषारी असतात. या दोन्हींना प्राथमिक वर्गात थारा नसावा.

टिश्यू पेपराचे भूत कापून त्याचे पाय टेबलाला चिकटवायचे आणि केसांवर घासलेला फुगा वर धरायचा. भूत ताठ उभे राहते. हे स्थिर विद्युतभाराचे काम. मात्र दमट हवेत भार टिकत नाही. त्यामुळे जुलैत रत्नागिरीच्या वर्गात हे भूत बहुधा आडवेच राहते, केसांना तेल असेल तर आणखीच. डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या हवेत, कोरडे केस असलेले मूल पुढे बोलावून हा प्रयोग करावा.