दोनशे मिनिटांची उतरंड

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि ऑक्टोबरभर तिथल्या चाहत्यांना एकाच प्रश्नाने पछाडलेलं असतं: यंदा आपल्या टीमचं रोटेशन काय असेल? म्हणजे पहिले पाच कोण, बाकावरून आधी कोण उठणार आणि कोणाच्या वाट्याला किती मिनिटं येणार. मी कॉलेजात असताना आमच्या टीममधला नववा होतो. पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. त्यामुळे या प्रश्नात माझा जीव जरा जास्तच अडकलेला आहे.

पुरुषांचा कॉलेज सामना ४० मिनिटांचा. एका वेळी मैदानावर पाच जण. म्हणजे कोचकडे वाटायला २०० मिनिटं असतात. ओव्हरटाइम झाला नाही तर एकही जास्त नाही. वडिलोपार्जित जमिनीसारखंच आहे हे. एका भावाला चार गुंठे जास्त दिले की दुसऱ्याचे तेवढे गेले. चाहते नेमके इथेच फसतात. एकेका खेळाडूचा सुटा विचार करून ‘हा तीस मिनिटं खेळेल, तो अठ्ठावीस’ असं लिहीत सुटतात आणि बेरीज करायची राहून जाते. केलीच तर २३० भरते. आता तीस मिनिटं कोणाच्या खात्यातून कापायची? खरा अंदाज तिथून सुरू होतो.

ही वाटणी कशी दिसते बघा. पहिल्या पाचांना ३४, ३१, ३०, २८, २५. झाली १४८. उरलेली ५२ बाकावर: १८, १५, १०, ६, ३. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण बहुतेक टीमांची मांडणी साधारण याच घाटाची असते. दरवर्षी मडकी बदलतात, उतरंड तशीच राहते. कोणी कोच सात जणांवर हंगाम काढतो, कोणी दहा जण फिरवतो, आणि ही खोड सहसा सुटत नाही. म्हणून मी आधी कोचचे मागचे चार-पाच हंगाम काढून उतरंड मांडतो आणि नावं मागाहून लिहितो.

ही उतरंडच मोडायची असं एका कोचने चक्क जाहीर करून टाकलं होतं. २०१४-१५ सालची केंटकी विद्यापीठाची टीम. कोच जॉन कॅलिपारी यांच्याकडे इतके गुणी खेळाडू जमले होते की त्यांनी पाच-पाचांच्या दोन तुकड्या पाडल्या. एक तुकडी दमली की पाचही जण बाहेर, दुसरे पाच आत. कागदावर हिशोब सोपा: दहा जण, प्रत्येकी वीस मिनिटं. नोव्हेंबरात कॅन्ससला त्यांनी ७२-४० असं धुतलं, तेव्हा ही युक्ती अजिंक्यच वाटली. डिसेंबरात सरावात ॲलेक्स पॉयथ्रेसच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि दुसऱ्या तुकडीत चारच उरले. मग नेहमीसारखी एकेकाची अदलाबदल सुरू झाली. तरीही हंगामभरात कोणाचीच सरासरी २७ मिनिटांपर्यंत गेली नाही. ओळीने ३८ सामने जिंकून ही टीम राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून ७१-६४ अशी हरली.

त्याच टीममधला कार्ल-अँथनी टाउन्स सामन्याला जेमतेम २१ मिनिटं खेळून १० गुण करायचा. आकडा मामुली वाटतो. ४० मिनिटांच्या हिशोबात मांडला तर १९-२० गुण होतात. एनबीएवाल्यांनी, म्हणजे व्यावसायिक लीगवाल्यांनी, हा हिशोब केलाच असणार, कारण २०१५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, पहिलं नाव त्याचंच होतं.

उतरंड ठरली की नावांचा घोळ. पूर्वी तो कमी होता. मागच्या वर्षी कोण किती खेळला ते बघायचं, पदवी घेऊन गेलेल्यांची मिनिटं पुढच्यांना द्यायची, झालं. २०१८ साली ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, २०२१पासून एकदा टीम बदलली तर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२४ साली कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली. त्याच वर्षी कॅलिपारी आर्कान्सॉला गेले, केंटकीत मार्क पोप आले आणि जुन्या टीममधला एकही शिष्यवृत्तीवाला खेळाडू परतला नाही. पाटी कोरी! मागच्या वर्षीची मिनिटं बघायची तर ती दुसऱ्याच टीममधली, दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्यांसमोरची.

त्या टीममध्ये डेटनहून आलेला कोबी ब्रेया होता. आधीच्या हंगामात लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फेकींपैकी साधारण निम्म्या त्याने बास्केटमध्ये घातल्या होत्या. टक्केवारीत देशात पहिला. केंटकीत तो तेवढाच अचूक राहील का? संख्याशास्त्र म्हणतं, थोडा खाली ये. इतक्या मोठ्या आकड्यात कौशल्य असतंच, पण नशिबाचाही वाटा असतो, आणि नशीब दरवर्षी मुक्कामाला येत नाही. मी एक गावठी युक्ती वापरतो. त्याच्या सुमारे २०० फेकींत १०० बास्केट. त्यात एखाद्या सर्वसाधारण खेळाडूच्या १०० काल्पनिक फेकी मिसळायच्या. त्याचं प्रमाण ३४ टक्के धरू. झाल्या ३०० फेकींत १३४ बास्केट, म्हणजे ४५ टक्क्यांना जरासं कमी. प्रत्यक्षात ब्रेया केंटकीत ४३-४४ टक्क्यांवर थांबला. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, आणि ते ‘१००’ मीच ठरवलेत. पण खेळाडूने कमी फेकी केल्या असतील तर हे मिश्रण त्याला सरासरीकडे जास्त ओढतं, भरपूर केल्या असतील तर कमी. पाच सामन्यांत डोळे दिपवणाऱ्या नव्या पोराबद्दल याच कारणाने मी तोंड आवरतो.

नावांच्या बाबतीत त्या वर्षी भल्याभल्यांची दांडी उडाली. पोप यांच्यासोबत ब्रिगम यंग विद्यापीठातून जॅक्सन रॉबिन्सन आला होता. तिथे बाकावरून उठून तो टीममध्ये सर्वाधिक गुण करायचा. केंटकीत तो मान ओक्लाहोमाहून आलेल्या ओटेगा ओवेने पटकावला.

सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो: फाऊल. पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर. एखादा ४० मिनिटांमागे सहा फाऊल करत असेल, तर पाचवा येतो तेहतिसाव्या मिनिटाच्या आसपास. त्यात पहिल्या अर्ध्यातच दोन झाले की बहुतेक कोच त्याला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवतात. म्हणजे तो कितीही चांगला असो, त्याच्या नावापुढे ३२ लिहिणं वेडेपणाच. पंचवीसच्या पुढे मी सहसा जात नाही.

दुखापतींचं काय? त्याच टीममधल्या केर क्रीसाचा पाय डिसेंबर २०२४मध्ये दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. पुढे रॉबिन्सनचं मनगट गेलं. कोण पडेल हे सांगता येत नाही, पण कोणीतरी पडेल हे धरून चालता येतं. इथे गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांची कल्पना कामी येते. १९४६ साली आजारपणातून उठताना ते एकट्याने पत्ते खेळत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढता येईना, तेव्हा त्यांना सुचलं की शंभर डाव मांडावे आणि सुटलेले मोजावे. यातूनच मोंटे कार्लो पद्धत उभी राहिली. आपणही कॉम्प्युटरवर हंगाम दहा हजार वेळा खेळवायचा. दरवेळी फासे टाकून कोणाला तरी जायबंदी करायचं आणि त्याची मिनिटं त्याच्याच जागेवर खेळणाऱ्यांत वाटायची. चेंडू खेळवणारा गार्ड पडला तर त्याच्या मिनिटांचा सेंटरला काय उपयोग? मग नवव्या खेळाडूच्या नावापुढे ‘६ मिनिटं’ न येता ‘बहुधा २ ते १४’ असं येतं. चाहत्यांना असलं उत्तर मुळीच आवडत नाही.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ हे गणिताचे पदवीधर. गुण मिनिटांवर न मोजता चेंडूच्या ताब्यांवर मोजायचे, हे ते १९५०च्या दशकापासून करत होते. त्यांच्या टीममध्ये एक रीत होती. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची. स्मिथ त्याला लगेच बाहेर घ्यायचे, आणि दम खाऊन झाला की तोच कोचला सांगून परत आत जायचा. कोचच्या नजरेला दमलेला दिसून बाहेर आला, तर मात्र परत कधी जायचं ते कोच ठरवणार. आमच्याकडे असली रीत असती तर मला चार मिनिटं जास्त मिळाली असती, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. परवा जुनी टीम भेटली तेव्हा आमचा सेंटर म्हणाला, ‘मूठ? तुला आत येताना बघून मी हात पाठीमागेच बांधले असते.’