मधुमेह असेल तर चपलेचे माप देण्यापूर्वी हे वाचा

माप द्यायला याल तेव्हा रोजच्या जुन्या चपला घेऊन या. धुऊन-पुसून नकोत, आहेत तशाच. चवड्याखाली पडलेला खड्डा आम्हाला बरेच काही सांगतो.

चालताना आधी टाच टेकते, मग घोटा वाकून नडगी पुढे झुकते आणि शेवटी चवड्याच्या रेट्याने पाऊल उचलते. मधुमेह जुना झाला आणि साखर चढती राहिली की ती शरीरातल्या कोलॅजनला चिकटते. त्यामुळे पोटरी आणि टाच जोडणारी जाड शीर ताठरते, घोटा पुरता वाकत नाही. टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर जास्त वेळ राहतो. त्यातच नसा बिघडल्या तर पावलातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटे आकड्यासारखी वळतात, तळव्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. मग हाडांची टोके आणि जमीन यांच्यामध्ये नुसती कातडी उरते. तिथे घट्टा पडतो आणि तो घट्टाच चपलेतल्या खड्यासारखा आत टोचत राहतो. पाय बधिर असल्याने त्याखाली जखम झालेली कळत नाही. "दुखत नाही हो, नुसता घट्टा आहे," असे कुणी म्हणाले की आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो. ते 10 ग्रॅम दाबाला वाकणारी नायलॉनची तार टेकवून संवेदना तपासतात. ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. घट्टा घरी ब्लेडने कापू नका, कॉर्न-पट्टीही लावू नका.

बाजारातली मऊ-मऊ स्पंजची चप्पल पायाला बरी वाटते, पण स्पंज दबला की हाड पुन्हा जमिनीला भिडते. आम्ही एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मायक्रोसेल्युलर रबराची) गादी घालतो, दाबाच्या जागी खळगा ठेवतो, आणि गरजेप्रमाणे तळ ताठ व पुढून नावेसारखा उचललेला करतो. घोटा वाकला नाही तरी पाऊल त्यावरून पुढे लोळते. सुरुवातीला थोडे डगमगल्यासारखे होईल, जिन्यावर कठडा धरा. पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग तळवे आरशात पाहा. लाली दिसली तर लगेच घेऊन या.

माप संध्याकाळी, उभ्याने, दोन्ही पायांचे घेतो. तोवर पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे 1 ते 1.5 सें.मी. जागा हवी. मागे पट्टा हवाच, कारण बधिर पायातून चप्पल निसटलेली कळत नाही.

आणि खजराना गणेशाला जाणाऱ्यांनो, मे महिन्यात इंदूरची फरशी दुपारी तव्यासारखी तापते. दर्शन सकाळी लवकर घ्या, जाड मोजे घाला.

एकच पाऊल अचानक सुजले, लाल झाले, दुसऱ्यापेक्षा गरम लागले, तर दुखत नसले तरी त्यावर भार देऊ नका. आतली हाडे ढासळत असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा पायाचे किंवा उघड्या जखमेचे माप आम्ही घेत नाही, रागावू नका.

गादी अधूनमधून अंगठ्याने दाबून पाहा. दाबलेली जागा वर आली नाही तर बदलायला आणा.