काचेचे हातघडणीचे पाइप : अमेरिकेतली घडण आणि परदेशी माल

तंबाखू वा गांजाच्या धूम्रपानासाठी ज्योतीवर काच फुंकून घडवलेल्या पाइपांचा अमेरिकेतला लघुव्यवसाय आणि त्यात स्थानिक कारागीर व परदेशातून करवून आणलेला माल यांच्यात चाललेली स्पर्धा. पाइप विकणाऱ्या अमेरिकी दुकानात दोन्ही प्रकारचा माल एकाच फळीवर मांडलेला असतो. काही पाइप ऑरेगन, वॉशिंग्टन, कॉलोराडो किंवा कॅलिफोर्नियातल्या दोन-चार माणसांच्या कर्मशाळेतून आलेले असतात, तर काही चीन वा भारतातून पेट्यांनी आलेले. हा वाद अनेकदा ‘हातकाम विरुद्ध कारखाना’ असा रंगवला जातो. ही मांडणी फसवी आहे. बाहेरून येणारा पाइपही कोणीतरी ज्योतीसमोर बसून हातानेच घडवलेला असतो. फरक आहे तो मजुरीच्या दराचा, कायद्याच्या धास्तीचा आणि कारागिराच्या नावाला मोल आहे की नाही याचा.

या धंद्याचा पाया म्हणजे बोरोसिलिकेट काच. जर्मनीत ओटो शॉट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सिद्ध केली. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ या नावाने ती स्वयंपाकघरात नेली. मराठी घरांत ती ‘बोरोसिल’ म्हणून ओळखीची आहे. मुंबईच्या या कंपनीचा आरंभ १९६२ मधला, आणि तिचे नाव आधी रुजले ते प्रयोगशाळांच्या काचसामानातून. या काचेत सुमारे ८० टक्के सिलिका आणि १२-१३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते. बाटल्या-बांगड्यांच्या साध्या सोडा-चुना काचेच्या मानाने ती तापल्यावर जेमतेम एक-तृतीयांश प्रसरण पावते, त्यामुळे ज्योतीत आत-बाहेर करताना सहसा तडकत नाही.

कारागीर प्रोपेन आणि ऑक्सिजनच्या टॉर्चवर काचेची नळी सतत फिरवत तापवतो, टोकाकडून फुंकर घालून फुगा काढतो, तो दाबून वाटी करतो आणि बाजूला हवेचे छिद्र पाडतो. तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या झगमगाटापलीकडचे काम दिसावे म्हणून डोळ्यांवर खास रंगीत काचांचा चष्मा असतो. घडलेली वस्तू लगेच सुमारे ५६५ अंश सेल्सिअसच्या विद्युतभट्टीत ठेवून सावकाश निववावी लागते (अनुशीतन). ही पायरी गाळली तरी पाइप दिसायला तसाच दिसतो, पण काचेत ताण अडकून राहतो आणि पुढे केव्हातरी तो विनाकारण फुटल्यासारखा फुटतो. ध्रुवित प्रकाशाखाली हा ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपात दिसतो. गिऱ्हाईक दुकानात असे उपकरण घेऊन जात नाही, आणि स्वस्त मालात काटछाट करायला याहून सोयीची जागा नाही. मात्र हा दोष देशाचा नाही, भावाचा आहे. घाईत उरकलेले अमेरिकी पाइपही असेच फुटतात.

अमेरिकेत या कामाला कलेचे रूप देण्याचे श्रेय बहुतेक जण बॉब स्नॉडग्रास याला देतात. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदामागे गावोगाव फिरत मैफिलींच्या बाहेर तो पाइप विकत असे. ज्योतीत चांदी वा सोने जाळून त्याची वाफ काचेवर बसवण्याचे तंत्र त्याने रूढ केले. वापराने पाइप आतून काळवंडला की हा मुलामा उठून दिसतो आणि रंग बदलल्याचा भास होतो. पुढे तो ऑरेगनमधल्या युजीन गावी स्थिरावला, शिष्य तयार झाले आणि ते गाव या कामाचे माहेरघर बनले. त्याच राज्यात रंगीत बोरोसिलिकेट कांड्या बनू लागल्याने कारागिरांना रंगांची नवी पेटीच मिळाली.

पाइपांचा एक आकार तर भारतातूनच गेला. सरळ, निमुळत्या नळीला अमेरिकी दुकानांतही चिलीमच म्हणतात. कुंभाराच्या मातीच्या चिलमीला लागणारी ओली छापी (फडके) मात्र काचेच्या चिलमीबरोबर तिकडे गेली नाही.

कायद्याने या धंद्याला जेवढा आकार दिला, तेवढा बाजाराने दिलेला नाही. अमली पदार्थांच्या सेवनाची साधने आंतरराज्य व्यापारात विकणे, तसेच त्यांची आयात वा निर्यात करणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तंबाखूसाठीच्या साधनांना सूट असल्याने दुकानांत ‘फक्त तंबाखूसाठी’ अशा पाट्या दिसत. २४ फेब्रुवारी २००३ रोजी ‘ऑपरेशन पाइप ड्रीम्स’ या नावाने देशभर छापे पडले आणि ५५ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांतला सर्वांत गाजलेला आरोपी म्हणजे विनोदी नट टॉमी चाँग. त्याच्या कुटुंबाची काचपाइपांची कंपनी कॅलिफोर्नियात होती. पेन्सिल्व्हेनियातल्या एका बनावट दुकानाच्या आडून सरकारी हस्तकांनी तिथे माल पाठवण्याचा पुन्हा पुन्हा आग्रह धरला आणि अखेर माल गेला. चाँगला नऊ महिन्यांची कैद आणि २०,००० डॉलर दंड झाला.

या कारवाईचा परिणाम चमत्कारिक होता. कायद्यात आयातही तितकीच निषिद्ध होती, पण पत्ता, भट्ट्या, पगारी कामगार आणि हिशेबाच्या वह्या असलेला देशी कारखाना छाप्याला सोपा सापडतो. उलट आयातदाराची पेटी बंदरात अडकली तर तेवढीच खेप बुडते. मध्यम आकाराचे स्थानिक कारखाने उभारणे धोक्याचे ठरले आणि कारागीर गॅरेजांत, लहान कर्मशाळांत पांगले. मोठ्या संख्येने, ठरावीक भावाने, महिन्याच्या महिन्याला एकसारखा माल पुरवणे लहान कर्मशाळेला जमत नाही. घाऊक बाजाराला तर नेमके तेच हवे असते. परदेशी माल बोकाळला तो केवळ स्वस्त मजुरीमुळे, असे म्हणताना ही बाजू सहसा सुटते.

चीनमध्ये हपै प्रांतातले हचियान हे उष्णतारोधक काचेच्या हातकामाचे मोठे केंद्र आहे. काचेच्या चहादाण्या, पेले, प्रयोगशाळेचे सामान असे सगळे तिथे ज्योतीवर घडते. वाकडी नळी जोडणे, आत जाळी बसवणे, सांधा घासून घट्ट बसवणे ही कौशल्ये चहादाणीला लागतात तशीच पाण्यातून धूर ओढायच्या पाइपलाही लागतात. तिथला कारागीर शिकाऊ नसतो. नमुना हाती ठेवला की तो त्याची हुबेहूब नक्कल उतरवतो.

भारताचा माल निराळा. उत्तर प्रदेशातले फिरोजाबाद बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर काचमण्यांसाठी. रंगीबेरंगी, लहान, स्वस्त पाइप हा याच कसबाचा विस्तार. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी या पट्ट्यातल्या उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळायला सांगितले आणि फिरोजाबादच्या भट्ट्यांचे अर्थकारणच बदलले. वायूची जोडणी मिळालेले कारखाने तगले. जोडकाम, रंगकाम यांसारखी बरीच कामे घराघरांत नगावर चालतात. भारतीय काचबांगड्यांचे नाव अमेरिकी श्रम खात्याच्या बालमजुरीच्या यादीत आहे. पाइपांचे तसे नाव नसले, तरी ठेकेदार-घरकामाची साखळी तीच असल्याने तो प्रश्न बाजूला सारता येत नाही.

‘अमेरिकी बनावट’ या शिक्क्याचेही सोवळे फार काळ टिकत नाही. युजीनमध्ये फुंकलेल्या पाइपाची नळी पुष्कळदा जर्मनीच्या शॉट कंपनीची किंवा चेक प्रजासत्ताकातल्या ‘सिमॅक्स’ची असते. संघीय व्यापार आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार हा शिक्का मारायला वस्तू ‘संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण’ अमेरिकेत बनलेली हवी. कठोर वाचले तर जर्मन नळीवरचे काम या कसोटीला उतरेलच असे नाही. मूळ देशाचे नाव आयात मालावर हवे, हा १९३० च्या कायद्यातला नियम आहे. चिकटपट्टी मात्र नखाने निघते. शिवाय नमुना अमेरिकेत, घडण चीनमध्ये आणि नाव पुन्हा अमेरिकी, अशी मधली वाट काढणारेही आहेत.

नकलेची तक्रार सर्वांत कडू आहे. कारागिराने नव्या घडणीचे चित्र समाजमाध्यमावर टाकावे आणि काही काळाने तोच आकार घाऊक यादीत दिसावा, हे नित्याचे. पाइप ही उपयोगाची वस्तू असल्याने तिच्या आकाराला कॉपीराइटचे संरक्षण तोकडे मिळते. गांजाच्या साधनांसाठी संघीय ट्रेडमार्क नोंदणीही नाकारली जाते. तंबाखूच्या पाइपांसाठी नाव नोंदवलेल्या ‘रूअर’ या जर्मन काचपाइप कंपनीला हे हत्यार उपलब्ध होते. तिच्या अमेरिकी परवानाधारकाने नकली माल विकल्याबद्दल छोट्या दुकानदारांवर दाव्यांची रांग लावली. घडवणारा परदेशात राहिला आणि नोटीस मिळाली कोपऱ्यावरच्या दुकानाला.

कॉलोराडो आणि वॉशिंग्टनने २०१२ मध्ये गांजा वैध केला. गिऱ्हाईक वाढले, पण त्याचबरोबर आयातीची वाटही रुंदावली. संघीय कायद्यात एक अपवाद आहे : राज्याच्या कायद्याने ज्याला अधिकार दिला आहे त्याला ही बंदी लागू नाही. अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात येणाऱ्या गांजा-प्रक्रियेच्या यंत्रसामग्रीबाबत हाच अपवाद मान्य केला. प्रकरण यंत्रांचे होते, तरी युक्तिवाद पाइपांनाही लावता येण्याजोगा आहे. स्थानिक कारागिराला उजळ माथ्याने काम करू देणारा राज्याचा कायदा परदेशी पेटीलाही सीमेवर उपयोगी पडू शकतो.

आता स्थानिक कामाचे दोन थर पडले आहेत. एका थरात दिवसाला डझनांनी साधे पाइप काढणारे कारागीर आहेत आणि त्यांचीच आयातीशी थेट टक्कर आहे. दुसरा थर सही केलेल्या, एकमेव नगांचा. त्यांचे भाव हजारो डॉलरांत जातात आणि संग्राहक ते कलादालनांतून घेतात. तिथे चीनच्या नकलेने फारसे बिघडत नाही, कारण पैसे नावाला मिळतात. कसब टिकवण्याच्या दृष्टीने मात्र पहिला थर अधिक मोलाचा वाटतो, कारण हात बसतो तो हजारदा तेच काम केल्यावर. न्यू जर्सीच्या सेलम कम्युनिटी कॉलेजात वैज्ञानिक काचकामाचे रीतसर शिक्षण मिळते, पण बहुतेक पाइपकार दुसऱ्याच्या टॉर्चशेजारी उभे राहूनच शिकले.

२०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचे शुल्क वाढवले आणि ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेले. ८०० डॉलरपर्यंतच्या टपाली पुड्यांची शुल्कमाफीही मे महिन्यात चीनपुरती आणि ऑगस्टअखेर सर्वच देशांसाठी संपली. स्वस्त पाइप महागले तर देशी कारागिराचे फावेल, अशी अपेक्षा होती. पण युरोपीय संघाच्या मालावरही त्याच ऑगस्टपासून १५ टक्के शुल्क लागू झाले, आणि टॉर्चवर फिरणारी नळी पुष्कळदा तिथूनच येते.