पाटणादेवीची नाल्यातली वाट

खान्देशाच्या दक्षिण टोकाला, चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा डोंगररांगेच्या कड्यांनी वेढलेले पाटणादेवीचे खोरे आहे. पावसाळा सरला की डोंगरी नदी आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या पात्रातून, दगडांवर पाय ठेवत केदारकुंड, धवलतीर्थ या धबधब्यांच्या दिशेने चढत जायचे आणि उन्हे कलायच्या आत चंडिकेच्या, म्हणजेच पाटणादेवीच्या मंदिराशी परतायचे, अशी ही दिवसभराची चाल. सोबतीला एखादा मित्र पुरे. मोठ्या घोळक्याच्या गलक्यात या दरीतले निम्मे हरवते. परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात (स्थापना १९८६) येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत शिरावे.

ही दरी कड्यावरून पाहण्यापेक्षा पात्रातून पाहावी, कारण ती कशी घडली ते तिथेच समजते. कडे काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला. त्यातले काही थर कठीण, काही सच्छिद्र आणि मऊ. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढे लोंबतो आणि कधीतरी तुटून पडतो; पावसाळ्यातले धबधबे अशाच पायऱ्यांवरून कोसळतात. पात्रातले रांजणखळगे तर थांबून पाहण्यासारखे. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरत खडक पोखरतात. पाणी ओसरल्यावर खळग्यात वाकून पाहिले, तर झिजून गुळगुळीत झालेले गोटे तळाशी पडलेले दिसतात. खडकाच्या बारीक पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक असतात. ते उन्हात चमकतात. खरवडून नेऊ नयेत.

जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी नाले कोरडे पडतात. तरीही पाणी संपलेले नसते, ते वाळूखाली गेलेले असते. गुराखी वाळू उकरून झिरा काढतात आणि गढूळपणा बसेपर्यंत थांबतात. नवख्या माणसाने त्या भरवशावर राहू नये. पाणी घरूनच न्यावे. सालई, धावड्याची पाने गळाली की सावलीही विरळ होते, म्हणून ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हाच खरा हंगाम. शिदोरीला कळण्याची भाकरी आणि ठेचा उत्तम, दुपारपर्यंत टिकतात.

पावसाळ्यात पात्रात उतरूच नये. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी डोंगरावरच्या मुसळधार पावसाने डोंगरी आणि तितूर नद्यांना पूर आला, पाणी चाळीसगाव शहरात शिरले आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. माथ्यावर पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही, लोंढा मात्र गाठतो. एरवीची काळजी साधी आहे. कड्यांना आग्या मोहोळे असतात, तिथे धूर किंवा आरडाओरडा करू नये. जंगलात बिबट्याचा वावर आहे. शेवाळलेल्या खडकावर एकाने आधी पार व्हावे, मग दुसऱ्याने पाऊल टाकावे. पाय मुरगळला तर आधार द्यायला कुणी हवे, यासाठीही एकट्याने जाणे टाळावे.

याच पाटण गावातल्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे. हा शिलालेख १३व्या शतकाच्या आरंभीचा असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात उजेडात आणला. गणिताच्या इतिहासातला एवढा मोठा दुवा या नाल्याच्या काठी आहे, हे चाळीसगावच्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असायला हवे.

खोऱ्यातून वर पितळखोरे लेण्यांकडेही पायवाट जाते. ही बौद्ध लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची, नाल्याच्या घळीतच कोरलेली आहेत. चढउतार दमछाक करणारा आहे. धबधबे आणि लेणी एकाच दिवसात जोडण्यापेक्षा लेण्यांसाठी दुसरा दिवस ठेवावा.